आकाशापासून कंट्रोल रूमपर्यंत: खोडदचं ओपन हाउस कसं बघावं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गेलेली पांढुर्ण्याजवळच्या आमच्या सावरगावची मुलं-मुली ‘ओपन हाउस’बद्दल ऐकतात ती बहुधा नोकरीच्या बोलण्यात. पुण्या-बंगळुरातली एखादी तंत्रज्ञान कंपनी एका संध्याकाळी आपली दारं बाहेरच्या इंजिनिअरांना उघडते. कामावरून सुटलेले लोक येतात, कंपनीचे इंजिनिअर आपापल्या टेबलाशी उभे राहून काय बनवलं ते दाखवतात, चहा-नाश्ता होतो, प्रश्नोत्तरं होतात आणि कोपऱ्यात भरतीवाले बायोडेटा घेत असतात. भरतीचा हेतू असतोच, त्यात वावगं काही नाही. आपल्या अडचणी वेगळ्या. जाम नदीच्या काठावरून पुण्यातल्या दोन तासांच्या संध्याकाळसाठी निघणं परवडत नाही. आणि सॉफ्टवेअर कंपनीचं बरंचसं काम पडद्यावरच असल्यामुळे नवख्याला त्यातलं हाताशी फारसं लागत नाही.

म्हणून पहिलं ओपन हाउस बघायचं तर मी खोडदचं सुचवते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातलं हे गाव. इथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, ही रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय खगोल भौतिकी केंद्राने ती उभारली आणि तेच ती चालवतं. ही कंपनी नव्हे, पण इथलं बरंचसं काम इंजिनिअरांचंच आहे. 28 फेब्रुवारी या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने इथली दारं सगळ्यांसाठी उघडतात. आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात आणि दुर्बिणीवर काम करणारी माणसं आपलं यंत्र समजावून सांगतात. तारीख ठरलेली असल्यामुळे तिकीट आधी काढता येतं. फक्त त्या वर्षीची सूचना निघण्यापूर्वी बघून घ्यावी. पांढुर्ण्याहून नागपूर, नागपूरहून पुणे, पुढे पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगाव आणि तिथून पूर्वेला खोडद, असा प्रवास आहे.

करणाऱ्यानेच आपलं काम लोकांपुढे मांडायची ही रीत जुनी आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेने 1826 मध्ये शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्यानं सुरू केली. तिथे प्रयोग श्रोत्यांसमोरच होत. 1975 मध्ये कॅलिफोर्नियात होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक एका गॅरेजमध्ये भरली. पुढे त्याच क्लबात स्टीव्ह वॉझ्नियाकने आपल्या संगणकाचे सर्किटचे आराखडे वाटले. आराखडा हातात आल्यावर माणूस जे प्रश्न विचारतो, ते जाहिरात बघून सुचत नाहीत.

खोडदला गेल्यावर पहिली सूचना मिळते ती मोबाइल बंद करण्याची. ती शिस्तीपुरती आहे असं समजू नका, कारण पुढचं सगळं यंत्र तिथूनच समजायला लागतं. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की त्या मोजायला वेगळं एकक आहे, जान्स्की. समजा एका जान्स्कीचा स्रोत आकाशात आहे आणि त्याच्याकडे 45 मीटर व्यासाची एक तबकडी रोखलेली आहे. एका वॅटचे शंभर कोटी भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख. असे तीन-चार कण, एवढीच शक्ती त्या तबकडीच्या पदरात पडते, तीही 400 मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा ऐकला तर. साधा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर तो इथून आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांपैकी एक दिसेल. मग तुमच्या खिशातल्या मोबाइलपुढे ताऱ्यांचं काय चालणार!

एककाला ज्याचं नाव दिलं तो कार्ल जान्स्की बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होता. समुद्रापलीकडे बिनतारी टेलिफोन चालवताना खरखर का येते, हे शोधायचं काम कंपनीने त्याला दिलं होतं. विजांची खरखर त्याने ओळखली. पण आणखी एक बारीक सूं-सूं आवाज उरला, आणि तो रोज चार मिनिटं लवकर येई. तारे रोज तेवढेच लवकर उगवतात. म्हणजे तो आवाज सूर्याकडून येत नव्हता, आकाशगंगेच्या मध्यभागाकडून येत होता. 1933 मध्ये त्याने हे जाहीर केलं आणि रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं. नको असलेली खरखर नीट तपासणाऱ्या कंपनीतल्या एका इंजिनिअरने एका शास्त्राचा पाया घातला, हे नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आता तबकडीखाली उभे राहू या. अशा तीस तबकड्या आहेत. चौदा मधल्या साधारण चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने आहेत आणि उरलेल्या सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंवर, शेतांमधून दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांत लांबच्या दोघींमधलं अंतर सुमारे 25 किलोमीटर. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास सोळा गुंठे. एवढी मोठी वस्तू कोणत्याही दिशेला वळवायची आणि आकाशाच्या फिरण्याबरोबर हळूहळू सरकवत राहायची, तर ती किती जड असेल, हा विचार आधी मनात येतो. पण वर बघितलं की तबकडीतून आभाळ दिसतं.

जीएमआरटीतली सगळ्यांत सुंदर गोष्ट माझ्या मते हीच आहे, म्हणून इथे जरा जास्त थांबा. तबकडीला पत्रा नाही, जाळी आहे. अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड स्टेनलेस स्टीलच्या तारांची ही जाळी मध्यभागी एक सेंटिमीटर चौकोनांची आहे, कडेला दोन सेंटिमीटरची. रेडिओ लहर या भोकांतून निसटत कशी नाही? कारण लहरीची लांबी भोकाच्या कितीतरी पट आहे. हायड्रोजनचा अणू जी लहर सोडतो ती 21 सेंटिमीटरची असते आणि 150 मेगाहर्ट्झची लहर दोन मीटरची. चाळणीच्या भोकाहून दाणा मोठा असला की तो वरच राहतो, तसं काहीसं. लहरीला जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते. वाऱ्याला मात्र ती जवळपास मोकळी आहे. तबकडीचा भरीव भाग जेमतेम सात टक्के आहे, बाकी पोकळी. वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो, सांगाडा हलका म्हणून मोटारी लहान, आणि मोटारी लहान म्हणून एकीच्या खर्चात अनेक तबकड्या.

जाळीला वाडग्याचा आकार कसा आला, हेही वर नजर लावून बघा. मधल्या चक्राला सोळा वाकवलेल्या नळीच्या चौकटी त्रिज्यांसारख्या जोडल्या आहेत. चौकटी-चौकटींमध्ये स्टीलचे दोर ताणून बांधले आहेत आणि त्या दोरांना ओढून ही जाळी बसवली आहे. प्रत्येक दोर किती ताणायचा हे ठरवून त्या सरळ दोरांतून वक्राकार उतरवला. वळवलेला पत्रा नाही, भक्कम पाठीचं लोखंड नाही. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही कल्पना. तिचा तपशीलवार आराखडा टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने केला आणि तबकडी वळवणारी सर्व्हो यंत्रणा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अभियंत्यांनी. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या मुलांनी इथे बराच वेळ द्यावा. ‘इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची जागा’ म्हणून ते पुढे सरकले, तर इथला खरा धडा त्यांच्या हातून सुटेल.

वारा फार वाढला तर काय करतात, हे तिथल्या माणसालाच विचारा. तबकडी थेट वर तोंड करून उभी केली जाते आणि ब्रेक लावले जातात. त्या अवस्थेत तिच्यावर वाऱ्याचा जोर सगळ्यांत कमी येतो.

तबकडीवर आदळलेली लहर साडेअठरा मीटर उंचीवरच्या केंद्रबिंदूत गोळा होते. तिथे चार बाजूंची एक फिरती पेटी आहे आणि प्रत्येक बाजूला वेगळ्या लहरींसाठीचा फीड, म्हणजे लहर पकडणारा अँटेना. पेटी फिरवली की दुर्बीण वेगळं ऐकू लागते. यातला सर्वांत आखूड लहरींचा मूळ फीड बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवला होता. फीडच्या अगदी पाठीशी पहिला अँप्लिफायर बसवलेला असतो. तो खाली जमिनीवर का नाही? कारण तारेतून उतरताना लहर आणखी क्षीण होते आणि तारेची स्वतःची खरखर तिच्यात मिसळते. पहिल्या अँप्लिफायरने जी घाण मिसळली ती पुढची कुठलीही यंत्रणा वेगळी काढू शकत नाही. म्हणून या साखळीत सगळ्यांत काळजीने बनवलेली वस्तू म्हणजे तळहातावर मावणारा हा पहिलाच भाग. मांडून ठेवलेला सुटा नमुना दिसला तर आवर्जून निरखून बघा.

‘खरखर’ म्हणजे काय, हे सावरगावच्या गच्चीवरही अनुभवता येतं. डिश बसवणाऱ्या मिस्त्रीकडे दिशा लावायचा छोटा सिग्नल मीटर असतो. तो डिशला जोडून ती मोकळ्या आभाळाकडे वळवा, काटा खाली राहतो. भिंतीकडे वळवा, वर चढतो, कारण ऊब असलेली प्रत्येक वस्तू रेडिओ लहरी सोडते. सूर्याकडे वळवा, आणखी वर जातो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस टीव्हीचं चित्र दुपारच्या आसपास थोडा वेळ तुटतं, तेही यामुळेच: त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो आणि त्याची खरखर उपग्रहाच्या आवाजाला गिळून टाकते. हा प्रयोग करून खोडदला गेलात तर तिथला रिसिव्हर ओळखीचा वाटेल.

तिथून पुढे लहर ऑप्टिकल फायबरमध्ये शिरते. तीसही तबकड्या फायबरने मधल्या इमारतीला जोडलेल्या आहेत आणि सगळं ऐकणं तिथे एकत्र येतं. खरी गुंतागुंत इथून सुरू होते. आकाशातला तारा बरोबर डोक्यावर नसेल तर त्याची लहर एका तबकडीवर आधी पोहोचते, दुसरीवर नंतर. 25 किलोमीटर अंतर असेल तर हा फरक 83 मायक्रोसेकंदांपर्यंत जातो. कोणाला हा वेळ नगण्य वाटेल. पण 21 सेंटिमीटरची लहर एका नॅनोसेकंदाहूनही कमी वेळात एक हेलकावा पुरा करते, म्हणजे तेवढ्या वेळात लाखभर हेलकावे निघून गेलेले असतात. त्यातून पृथ्वी फिरत असल्यामुळे फरक क्षणाक्षणाला बदलतो. फायबरच्या लांबीमुळे होणारा उशीर त्यात वेगळा मिळवायचा. लवकर पोहोचलेली लहर संगणकात थोपवून धरतात, उशिरा पोहोचलेली आली की दोघींना जुळवतात आणि हे हिशेब सतत नव्याने करतात. एवढं करूनही थोडी चूक उरतेच. म्हणून निरीक्षणाच्या मधूनमधून एका ओळखीच्या स्रोताकडे तबकड्या वळवतात. तो कुठे आणि कसा दिसायला हवा हे आधीच माहीत असतं, त्यावरून चूक काढून टाकता येते.

आता तीस तबकड्यांच्या जोड्या लावा. पहिलीची दुसरीशी, पहिलीची तिसरीशी, असं करत 435 जोड्या होतात. प्रत्येक जोडीतल्या दोन लहरींचा गुणाकार करून सरासरी काढायची. एका रिसिव्हरच्या स्वतःच्या खरखरीचं दुसऱ्याच्या खरखरीशी काही नातं नसतं, त्यामुळे सरासरीत ती मिटत जाते. आकाशातून आलेला भाग दोघींकडे सारखा असतो, तो उरतो. खरखरीतून क्षीण खरा आवाज असा वेगळा होतो. या कामासाठी सुरुवातीला खास यंत्रं बनवली होती. अलीकडच्या अद्ययावतीकरणानंतर हे काम व्हिडिओ गेमसाठी विकसित झालेल्या जीपीयू कार्डांवर होतं आणि एका वेळी ऐकायचा पट्टा 32 मेगाहर्ट्झवरून 400 मेगाहर्ट्झवर गेला. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी या खोलीत हमखास विचारायचा प्रश्न: दर सेकंदाला किती डेटा येतो, त्यातला किती ठेवता आणि किती तिथल्या तिथे फेकता? काय फेकायचं हे ठरवण्याला इथे फार मोल आहे.

जोड्या इतक्या का लागतात? एकट्या तबकडीला आकाशाचा चंद्रबिंबाएवढा तुकडा एकजीव दिसतो, आतलं काही वेगळं करता येत नाही. पण 25 किलोमीटर दूरच्या जोडीला दोन कोनीय सेकंदांइतकी बारीक बाब कळते, जणू तेवढी रुंद दुर्बीण असल्यासारखी. जवळच्या जोड्या मोठे पसरट ढग पकडतात, लांबच्या जोड्या बारकावे. म्हणूनच चौदा दाटीने आणि सोळा दूर. पृथ्वी फिरते तशी प्रत्येक जोडी आकाशाला वेगळ्या कोनातून बघते, आणि एका रात्रीतल्या शेकडो कोनांवरून चित्र तयार होतं. ही पद्धत केंब्रिजच्या मार्टिन राइलने विकसित केली. त्यासाठी 1974 चं नोबेल पारितोषिक त्याला अँटनी ह्युइशबरोबर मिळालं.

एवढं सगळं हातात आल्यावर या जागेचा विचार करा. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो, द्राक्षं, कांद्याची शेती. मोठी शहरं दूर, डोंगरांची भिंत आजूबाजूला, म्हणून रेडिओची शांतता. पण आता तिथेही वस्ती वाढते, मोबाइलचे टॉवर येतात. विजेच्या तारेवरचा सैल जोड ठिणग्या टाकतो आणि ठिणगी सगळ्या लहरींत आवाज करते. म्हणून इथल्या अभियंत्यांचं बरंच काम आकाशाकडे पाठ करून, जमिनीवरचा आवाज शोधण्याचं असतं. कुठला खांब वाजतो ते बघायचं, संबंधितांशी बोलायचं, आणि जे थांबवता येत नाही ते संगणकात ओळखून गाळायचं. पुणे–नाशिक रेल्वेच्या आखणीतही या दुर्बिणीचा प्रश्न पुढे आला. ‘आवाज येतो कुठून?’ या एका प्रश्नावर तिथल्या माणसाला बोलतं केलंत तर अर्धा तास कसा गेला ते कळणार नाही.

गोविंद स्वरूपांनी सुरुवात कशी केली, तेही मनात ठेवून फिरा. त्यांचा पहिला मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. ऑस्ट्रेलियाने सिडनीजवळच्या 32 छोट्या तबकड्या भारताला भेट दिल्या होत्या. त्या त्यांनी 1965 मध्ये कल्याणला उभारून सूर्याचं निरीक्षण केलं. पुढे उटीला डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण 1970 मध्ये उभी राहिली. त्या डोंगराचा उतार त्या जागेच्या अक्षांशाएवढाच होता, त्यामुळे ती एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्यांचा माग काढता येतो. जमिनीच्या उताराचा असा फायदा घेणारे हात पुढे खोडदला तबकडीची जाळी बनवायला आले. 2020 मध्ये स्वरूप गेले. त्याच वर्षी आयईईई या जागतिक अभियंता संघटनेने जीएमआरटीला ‘माइलस्टोन’चा मान दिला.

या यंत्राने काय केलं, हे तिथल्या फलकांवर सापडेल. मी दोनच गोष्टी सांगते. 2016 च्या ऑक्टोबरात युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण सिग्नल खोडदच्या तबकड्यांनी ऐकला आणि उतरण्याच्या अगदी शेवटी तो तुटल्याचंही इथेच कळलं. आणि 2023 च्या जूनमध्ये जगातल्या गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा मांडला, तेव्हा त्यांत भारतीय गटाचं स्पंदक ताऱ्यांचं मोजमाप होतं. ते मोजमाप याच तबकड्यांचं.

आता शेवटी नोकरीकडे येऊ, कारण आमच्या गावातल्या आई-बापांचा पहिला प्रश्न तोच असतो. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात स्क्वेअर किलोमीटर अॅरे ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहते आहे. तिच्या सगळ्या भागांवर लक्ष ठेवणाऱ्या आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नियंत्रण व्यवस्थेच्या आखणीत राष्ट्रीय खगोल भौतिकी केंद्राबरोबर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स या कंपन्या होत्या. केंद्र सरकारने या प्रकल्पातल्या भारताच्या सहभागाला 1,250 कोटी रुपये मंजूर केले आहेत. म्हणजे संध्याकाळची ओपन हाउसं भरवणाऱ्या कंपन्यांचं कामही थेट तबकडीपर्यंत पोहोचतं. खोडदला टेबलाशी उभ्या असलेल्या अभियंत्याला हेही विचारा, की त्याने कॉलेज सोडल्यावर पहिली दोन वर्षं कोणतं काम केलं. आणि त्याचं उत्तर वहीत उतरवून घ्या. मोबाइल तर बंदच असणार आहे.